कर्नलला सोसेल अशी गाडी

३ सप्टेंबर, बुधवार

कुत्र्याच्या पसंतीची गाडी घ्यायची. ठरलं! या घरात आजवर सुनेच्या पसंतीचा पंखासुद्धा कुणी घेतलेला नाही.

कारण आबा, म्हणजे सासरे. हृदयातली एक नळी तुंबलीय. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलंय — दिवाळीची वाट बघू नका, स्प्रिंग बसवून घ्या. नणंद राणी साताऱ्यातच असते, ती खोली आवरून बसलीय. आणि आबा अट घालून बसलेत. "कर्नल ज्यात सुखरूप येईल त्यात मी येईन. न्हाईतर हे हृदय चालतंय तवर चालू दे."

कर्नल म्हणजे कुत्रा. आबा सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झाले. जन्मभर कर्नलना सॅल्यूट ठोकला, आता कर्नल शेपूट हलवत त्यांच्या मागं फिरतो. पेन्शनपेक्षा त्यांना याचं समाधान जास्त. अंगानं वासराएवढा. जात कुठली असं कुणी विचारलं की आबा सांगतात, "इन्फंट्री."

४ सप्टेंबर, गुरुवार

भाड्याच्या गाडीसाठी ह्यांनी फोन लावले. कुत्रं म्हटलं की ड्रायव्हरांच्या गाड्या आपोआप नादुरुस्त होतात. एकानं विचारलं, लहान आहे का मोठं? ह्यांनी खरं सांगितलं. एवढ्या खऱ्या नवऱ्याचा संसारात काही उपयोग नाही.

७ सप्टेंबर, रविवार

सांगलीच्या शोरूममध्ये आबा, हे आणि मी जाणार होतो. निघाली अर्धी भावकी. आमच्याकडं मुलगी बघायला जावं तसंच गाडी बघायला जातात — नाष्टा करून, टोप्या घालून, आणि नावं ठेवायच्या तयारीनं.

पुढारी नानासो, माझे चुलतदीर. बैल पारखण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. शोरूमच्या गाडीभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवर थाप मारली, चाकाला लाथ घातली, मागं जाऊन वाकून बघितलं. शेपूट मिळाली नाही म्हणून वायपर उचलून सोडला. मग दार तीनदा आपटून ह्यांना निकाल दिला — "आवाज पोकळ हाय रं, विश्वजित. अंगानं भरल्याली न्हाई."

शोरूममधली पोरगी, अंकिता, गोड हसत म्हणाली, "सर, सहा एअरबॅग आहेत."

आबा म्हणाले, "त्यातली कर्नलच्या तोंडाम्होरं कुठली फुगती?"

पोरीचं प्रशिक्षण इथं संपलं. पण चिवट! मागं जाळी बसवता येते, पट्टा मिळतो, कुत्रं अगदी सेफ राहतं, म्हणाली.

"बसवून दाव."

कर्नलला शोरूममध्ये मनाई. सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं बघितलं. साप्ताहिकात मी इतकी वर्षं लोकांची टिंगल लिहिते, त्याची फेड अशी डिकीत होईल असं वाटलं नव्हतं. गुडघे पोटात घेऊन जाळीमागं बसले. ह्यांनी आवारात चक्कर मारली. आबा पुढून म्हणाले, "आता ब्रेक मार." ह्यांनी मारला. लग्नानंतर माझ्या बाबतीतलं एखादं काम इतकं मनापासून करताना त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

"लागलं का गं?" आबांनी विचारलं.

"अंबाडा होता म्हणून वाचले."

आबांनी मान हलवली. "कर्नलला अंबाडा न्हाई. चला घरी."

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपंधरवडा लागला. म्हणजे आता गाडी घ्यायची नाही म्हणे. आबांच्या नळीला हे कुणी कळवलंय का?

११ सप्टेंबर, गुरुवार

भावकीनं तोडगा काढला. पंधरवड्यात घ्यायची नाही, पण बघायला काय हरकत आहे? आता ओळखीपाळखीच्या गाड्या रोज दारात येतात. आबा कट्ट्यावर बसून एकेक बाद करतात.

पिकअप — "वारं लागंल."

व्हॅन — "दार सरकतंय. शेपूट गावली म्हंजे?"

उंच गाडी — "मागचं पाय दुकत्यात त्याचं." ह्यांनी फळी लावून दाखवली. "घसरंल."

बुटकी गाडी — "डोस्कं आपटंल."

आज तांब्याची परीक्षा झाली. मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून गाडी गावातून फिरवायची. "पानी सांडलं म्हंजे कर्नल सांडला." आमच्या आळीतल्या रस्त्यावर डबक्यातलं पाणीसुद्धा जागेवर राहत नाही. तांब्या नानासोंच्या मांडीवर रिकामा झाला. ते तसेच, विजार चिमटीत धरून, गल्लीभर चालत घरी गेले. बायका खिडक्यांतून बघत होत्या.

कर्नल या सगळ्या काळात कट्ट्याखाली झोपून असतो. आपल्यासाठी एवढी माणसं राबताहेत याचं त्याला काही नाही. अगदी अधिकारी!

१४ सप्टेंबर, रविवार

आबा जिना चढताना मधेच थांबले. कठड्याला धरून उभे. मी विचारलं तर म्हणाले, कर्नल मागं राहिला, त्याच्यासाठी थांबलोय.

कर्नल कट्ट्याखाली घोरत होता.

१५ सप्टेंबर, सोमवार

राणी फोनवर ह्यांच्यावर ओरडली. "दादा, गाडी बघताय का वेळ काढताय? आबांना काय झालं म्हंजे?" ह्यांनी फोन माझ्याकडं दिला. मी म्हटलं, वन्सं, तुम्ही या, तुम्हाला डिकीत बसवते.

मग दोघींनीही पटकन फोन ठेवला. दोघींनाही रडू येत होतं आणि दोघींचाही स्वभाव तसा नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पलूसला बाजाराला गेले होते. मेथीच्या जुड्या निवडत होते. समोरून बिरदेवचा दुधाचा टेंपो आला. बिरदेव आमच्याच गावचा, सकाळी दूध घेऊन पलूसला येतो. टेंपोत त्याच्या शेजारी खिडकीतून तोंड बाहेर काढून, कान वाऱ्यावर सोडून, जीभ लोंबकळत — कर्नल!

आमची नजरानजर झाली. कर्नलनं तोंड फिरवलं.

टेंपो गाठला. बिरदेवला काही पत्ताच नव्हता की यात लपवायचं काय आहे. "व्हय की वैनी, येतोय की रोज. आवं, आबाच बसवत्यात. म्हनत्यात, हवा खाऊन येऊ दे त्याला. लय शाना हाय, कॅनला तोंड लावत न्हाई."

टेंपोला जाळी नाही, पट्टा नाही. दाराला कडीसुद्धा नाही, सुतळी आहे!

घरी येऊन कुणाला बोलले नाही. ह्यांना सांगितलं असतं तर हे आबांवर ओरडले असते, आणि नळी आबांचीच आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारी कट्ट्यावर आबा, मी आणि कर्नल तिघंच. म्हटलं, आबा, कर्नल काल पलूसला भेटले. बरे दिसत होते.

आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "बिरदेव ब्रेक हळू मारतो."

मी कर्नलच्या कानातली गोचीड काढत बसले. 

"तुझ्या सासूला नेली ती गाडी लय चांगली हुती," आबा म्हणाले. "आत गारवा. पट्टा बांधला हुता. एक धक्का बसू दिला न्हाई त्या ड्रायव्हरनं, सातारा येस्तवर." तंबाखू मळून कधीच झाली होती, तरी मळतच होते. "येताना मी पुढं बसलो. मागं बघितलं न्हाई."

सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. या कट्ट्यावर गाड्या बघण्यात आम्ही सगळे इतके रमलो की त्या गाडीची कुणालाच आठवण नव्हती. दार आपटून बघणाऱ्या नानासोंना नाही, ह्यांना नाही, मलाही नाही.

पण जिभेला हाड नाही माझ्या. म्हटलं, "आबा, नका जाऊ. पण त्या बिचाऱ्या गाड्यांना कशाला नावं ठेवता? भ्यालोय म्हणा की सरळ."

"शिपायाला तसं म्हनायला परवानगी नसती."

"तुमचे कर्नल इथंच आहेत. मागून घ्या."

आबांनी कर्नलकडं बघितलं. कर्नलनं मागच्या पायानं कान खाजवला, जांभई दिली आणि कूस बदलली.

आबा हसले. हसताना मधेच दम लागला, तरी हसले. मग उठून आत गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सासूबाईंचं पान वाढलं.  भावकीत एकच चर्चा — उद्या घट बसले की दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी. नानासोंनी सोबत न्यायला नवा तांब्या घेतलाय.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आबांचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं. कर्नलही नाही. हे विहिरीत डोकावून आले, मला सांगितलं नाही, पण पायाला चिखल होता. मग साताऱ्याहून राणीचा फोन — आबा दवाखान्यात दाखल झालेत! बिरदेवच्या टेंपोतून आले, कर्नलला कवटाळून! उद्या स्प्रिंग बसणार.

आबांनी फोनवर मला मागितलं. म्हणाले, "परवा न्यायला या. गाडी कुठलीबी चालंल."