हौदाचा चकचकीत नळ

बुधवार, दिवेलागण

अजून हसू थांबून न्हाई राहिलं.

सरकारचा पैसा कुठं खर्चला ते तपासायला आज आमदारांची समिती गावात आली. जनावरांच्या हौदाला चकचकीत पितळी नळ हाये, पाणी मात्र कधीच आलं न्हाई. म्हणून इंजिनिअर साहेबांनी सकाळीच टँकरनं हौद गच्च भरून ठेवला. नळ कोरडा हाये असं मी समितीला नुसतं बोलले असते तर कुणी ऐकलं असतं? सासऱ्यांना म्हणलं, "मामा, आज मेंढरं हौदावर समिती आल्यावरच आणा." मुक्या जिवांना तकलीफ दिली, बराबर केलं का? केलं!

साहेब नळाचं कौतुक सांगून राहिले होते, तेवढ्यात तहानलेला कळप हौदावर तुटून पडला. बघता बघता तळ दिसला.

समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "भरा की परत. नळ सोडा."

साहेबांनी नळ फिरवला. आणखी जोरात फिरवला. तो चकचकीत नळ हातातच आला! मागं पाइपच न्हाई, भिंतीत नुसता खोचलेला.

"लिहून घ्या," बाई शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाल्या.

साहेब मामांवर खेकसले, "मेंढरं आत्ताच काहून आणली?"

मामा शांतपणे म्हणाले, "तहानली व्हती, साहेब. हे पाणी निसतं दाखवायचं व्हतं का?"