काडीमोडीचा कागद

अंबरनाथ,
शनिवार, २५ फेब्रुवारी १९५६

प्रिय काशी,

मागच्या पत्रातली एक गोष्ट चुकीची आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, की तुझी आणि हरिचंद्रची फारकत ठाण्याच्या कोर्टात नोंदलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तेव्हा आता तू आणि मधू तुमच्या लग्नाबद्दल निर्धास्त राहा. मी पाहिलं होतं ते एवढंच, की हरिचंद्रने १९५० साली दावा दाखल केला होता. दाव्याचं पुढे काय झालं ते त्या पानावर नव्हतं आणि मी विचारलंही नाही. आपली दोघींची नावं गिरवून घेताना दादा म्हणायचे, अर्धं वाचलेलं न वाचलेल्यापेक्षा वाईट. एका पाटीच्या दोन बाजूंवर आपण शिकलो. तू अर्धं कधी वाचलं नाहीस, मी मात्र त्यांची मुलगी असून हे केलं.

हे कसं झालं ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी निष्काळजीपणे लिहिलं. तुझ्यासारखीच मलाही हरिचंद्रपासून सुटका हवी म्हणून मी कल्याणच्या दिनानाथ वकिलांकडे गेले, हे तुला ठाऊक आहे. ते म्हणाले, तुमच्या नवऱ्याचं आधी एक लग्न झालेलं आहे, ते कसं मोडलं याचा कोर्टाचा कागद आधी आणा. लग्न ठरवताना माझ्या सासूने, मोतीबाईने, चारचौघांत सांगितलं होतं की पहिलीला कोर्टातून सोडलीय. मग मी कागद शोधायला निघाले. कल्याणच्या कोर्टात म्हणाले, असले दावे इथे नाहीत, ठाण्याला जा. ठाण्याला म्हणाले, दाव्याचा नंबर सांगा. नंबर नाही म्हटलं तर तारीख सांगा. तारीख कुठून आणू? आपल्याकडे विचारलं की लोक सांगतात, भात झोडून झालं होतं तेव्हा. तिसऱ्या खेपेला रेकॉर्डवरचे विष्णुपंत जेवायला उठत होते. त्यांनी वही माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, घ्या बाई, तुमचे डोळे तरुण आहेत. अर्ध्या तासाने हरिचंद्रचं नाव दिसलं, समोर तुझं नाव दिसलं, आणि मी तिथल्याच बाकावर बसून तुला पत्र लिहिलं. विष्णुपंत जेवून येईपर्यंत मी थांबले असते तर हे सगळं टळलं असतं.

नक्कल मिळायला पुढे दोन खेपा झाल्या. एकदा स्टॅम्पवाला नव्हता, एकदा स्टॅम्प होता तर सही करणारे साहेब रजेवर. मास्तरणीची नोकरी असलेल्या बाईने किती वेळा पोटात दुखतंय म्हणून सांगायचं? शेवटी नक्कल हातात आली. त्यात एकच ओळ होती: वादी तारखेस गैरहजर, सबब दावा काढून टाकला. मी विष्णुपंतांना विचारलं, म्हणजे फारकत झाली ना? ते म्हणाले, बाई, काढून टाकला म्हणजे काहीच झालं नाही. तो आला नाही, कोर्टाने फाईल मिटली.

तो का आला नाही ते तुला माहीत आहे. त्याच वैशाखात बदलापूरला गावदेवीच्या पारावर पंच बसले आणि त्यांनी काडी मोडली. मग कोर्टात कोण जातं? मोतीबाईच म्हणाली होती ना, काडी मोरली, पोर मोकली. आपल्या सगळ्या माणसांना असंच वाटतं. पंचांनी सोडलं की सुटलं, कोर्टातल्या फायलीला जाऊन सांगायचं कुणाला सुचत नाही.

नक्कल घेऊन मी दिनानाथ वकिलांकडे गेले. त्यांना फार आनंद झाला आणि तिथपासून माझं डोकं फिरलं आहे. त्यांनी समजावलं ते तुला सोप्या शब्दांत सांगते. गेल्या वर्षीच्या नव्या कायद्याने मला दोन वाटा आहेत. लांबची वाट अशी, की मी हरिचंद्रची खरी बायको आहे, पण त्याने छळलं आणि घराबाहेर काढलं. त्यावर कोर्ट आधी नुसतं वेगळं राहायला देईल, मग दोन वर्षं थांबायचं आणि मग पुन्हा घटस्फोटाचा अर्ज करायचा. सगळी मिळून तीन-चार वर्षं. जवळची वाट अशी, की बावन्न साली माझं लग्न झालं तेव्हा त्याची पहिली बायको जिवंत होती आणि सुटलेली नव्हती. तसं असलं तर दुसरीला लगेच सुटता येतं. वकील म्हणाले, चार महिन्यांचं काम, आणि तो दोन बायकांच्या गुन्ह्याला घाबरून तोंड उघडणार नाही.

मला लगेच सुटायला हवं आहे, काशी. नोव्हेंबरपासून तो दर महिन्याला शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. एकदा आत येऊन आमच्या मुख्याध्यापिका कुमुदिनीबाईंना म्हणाला, ही माझी बायको आहे, माझ्या परवानगीवाचून तुम्ही हिला ठेवलीत कशी? बाई भल्या आहेत. पण त्यांनीही सांगून टाकलं, जूनपर्यंत कोर्टाचा कागद आणा, नाहीतर मला दुसरी शिक्षिका बघावी लागेल, पालक बोलायला लागलेत. माझं उजवं मनगट अजून थंडीत आखडतं, फळ्यावर लिहिताना मुलींना कळू नये म्हणून मी मधेमधे गोष्ट सांगते. ते मनगट कसं झालं हे तुला सांगायला नको.

माझ्या लग्नात तू स्वतः आली नाहीस, येणंही शक्य नव्हतं. पण आईच्या हाती तू पितळेची कडी पाठवलीस, कोयंड्यासकट. मोतीबाईने ती सगळ्यांना फिरवून दाखवली. जुन्या सुनेनं नव्या सुनेला कडी धाडली बघा, आमच्या चिखलोलीच्या घरात काय चोर राहतात? सगळे हसले. मी पण हसले. तू मूल होत नाही म्हणून सुटलीस असं मोतीबाईने सांगितलं होतं, आणि ते मी खरं मानलं, कारण मला मानायचं होतं. त्या घराच्या आतल्या खोलीला आतून कडी नाही हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तुझी कडी तोवर मोतीबाईच्या पेटीत गेली होती. घर सोडलं त्या दिवशी मी फक्त ती मागून घेतली.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. कोर्टाचा कागद नाही हे कळल्यावर वकिलांनी सहज विचारलं, पंचांच्या काडीमोडीचा काही लेखी पुरावा आहे का? जातीची जुनी रीत असेल तर कायदा तीही मानतो, मग तुमची जवळची वाट बंद. नसेल तर फारच उत्तम. मी म्हटलं, नाही. आणि घरी येऊन दादांची ट्रंक उघडली. पंचांत लिहिता येणारे फक्त दादा होते, आणि दादा कुठलाही कागद दोनदा लिहायचे, हे मला माहीत असून मी नाही म्हटलं होतं. कागद वरच होता. शके १८७२, वैशाख वद्य पंचमी, हरिचंद्र आणि काशी यांची काडी मोडली, यापुढे कोणाचा कोणावर हक्क नाही, दोघांनी हवं तिथे घर करावं. खाली पाच पंचांचे अंगठे आणि दादांची सही. एक प्रत चिखलोलीला गेली होती, ती चुलीत गेली असणार. ही दुसरी.

मी ती वकिलांना दाखवली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाले, हे तुम्ही मला दाखवलं नाहीत, मी पाहिलं नाही. घरी चूल पेटते ना तुमच्या?

कागद सापडून आज अकरा दिवस झाले. अकरा दिवस मी तुला कळवलं नाही. जवळच्या वाटेने गेले तर तुझं काय होतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझ्या निकालात कोर्ट लिहील की बावन्न साली काशी ही हरिचंद्रची बायको होती. मग एकावन्न साली तू मधूशी लग्न केलंस ते काय? तुझा मुलगा कुणाचा? मोतीबाई तो निकाल घेऊन तुमच्या वांगणीला घरोघर फिरेल. हे सगळं कळूनही मी तीनदा तो कागद चुलीपाशी नेला. आईने एकदा विचारलं, काय जाळतेस? मी म्हटलं, काही नाही. एवढं खरं सांगते, कारण तुला अर्धं लिहिण्याची चूक मला दुसऱ्यांदा करायची नाही.

गुरुवारी वकिलांनी त्यांचा मसुदा टाईप करायला मला उल्हासनगरला पाठवलं. निर्वासितांच्या कॅम्पात रस्त्याकडेला एक सिंधी म्हातारे टाईपरायटर घेऊन बसतात. मसुद्यातलं तिसरं कलम होतं: सामनेवाल्याची पहिली पत्नी काशी हयात असून तिच्याशी झालेला विवाह कधीही मोडलेला नाही. मी पानं देताना दादांचा कागदही त्यांच्यात गेला. मी मुद्दाम घातला का, मला सांगता येत नाही. त्यांना दादांचं हस्ताक्षर वाचता येत नव्हतं. पण पाच अंगठे बघून त्यांनी तो वेगळा काढला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर स्वतःचा चष्म्याचा डबा ठेवला आणि म्हणाले, बेटी, हमारा तो सब कागज उधर रह गया. घर का, शादी का, सब. यहाँ दफ्तरवाला पूछता है, साबित करो ये तुम्हारी औरत है. तुम्हारे पास है, तो संभालो.

मी टाईप करून न घेताच पानं परत घेतली. त्यांना वाटलं मी नाराज झाले.

घरी येऊन दादांनी शिकवलं तसं केलं. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची. तिसऱ्या कलमावर रेघ मारली. वर लिहिलं: पहिला विवाह जातीच्या रीतीने १९५० साली मोडला आहे. दिनानाथ वकील आज भडकले. म्हणाले, चार महिन्यांचं काम चार वर्षांचं करणारी अशील मी पहिल्यांदा पाहिली, आणि अशी केस मी घेत नाही. तेव्हा अर्ज माझा मीच लिहिला आहे, नोकरीसकट जे जायचं ते जाईल. कुमुदिनीबाईंना परवा सोमवारी सांगणार आहे. त्या काय म्हणतील मला माहीत नाही, आणि मी हसतमुखाने हे सगळं करते आहे असंही समजू नकोस. मला राग आहे. हरिचंद्रवर आहे, कोर्टावर आहे, आणि थोडा तुझ्यावरही आहे, कारण तू त्या घरातून माझ्या आधी निघालीस. तुझी कडी माझ्या खोलीला लावली आहे, रोज आतून घालते आणि रोज तुझ्यावरचा राग थोडा कमी होतो.

हे पत्र टपालात टाकायला धीर होत नाही. आई उद्या वांगणीला येते आहे, तिच्या हाती देते. आत दुसरं पाकीट आहे, त्यात दादांचा कागद आहे, मूळ. माझ्यापाशी मी फक्त नक्कल ठेवली, कारण मूळ माझ्या घरात असेपर्यंत चूलही माझ्या घरात आहे. मधूला दोन्ही वाचून दाखव, लपवू नकोस. मग तो कागद तुझ्या घरात अशा जागी ठेव की मीही मागायला आले तरी तू देणार नाहीस. आई म्हणते शिवरात्र होऊन जाऊ दे, मग बघ. मी थांबणार नाही. थांबले तर पुन्हा विचार करेन. सोमवार, ५ मार्चला, ठाण्याचं कोर्ट उघडेल तेव्हा मी लांबच्या वाटेचा अर्ज घेऊन दारात असेन.

तुझ्याच पाटीच्या दुसऱ्या बाजूची,
तुझीच
अंजनी