वरून उघडा चार

सर, कालपासून मला भीती वाटते आहे, आणि ती सांगावी असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, हे ठाऊक असूनही. समोर तुमचं लोखंडाच्या सेक्शनचं, म्हणजे तुळया-चॅनेलच्या आकड्यांचं, हँडबुक आहे, खाकी कव्हर घातलेलं. टिळक रस्त्यावरचं ऑफिस बंद केलंत त्या दिवशी ते माझ्या हातात ठेवून म्हणाला होतात, "कपाटात शोभेला ठेवू नका, वापरा." मी वापरलं. तेच तर झालं.

मी नवीन होते तेव्हाचा एक दिवस आठवतो. एका तुळईचा हिशोब घेऊन मी तुमच्या टेबलापाशी उभी आहे. तुम्ही मान वर न करताच विचारता, "हा आकडा कुठून आणलात?" "हँडबुकातून, सर." "अस्सं. म्हणजे आपण तपासला नाहीत. छापणाऱ्यावर आपला फार लोभ दिसतो." सगळं ऑफिस खाली मान घालून हसतंय आणि माझे कान तापलेत. मग तुम्ही शेजारी खुर्ची ओढलीत आणि त्या सेक्शनचं गणित मला कागदावर, तुकडे पाडून, हाताने करायला लावलंत. दीड तास गेला. छापलेला आकडा खरंच चुकलेला निघाला. तुम्ही तो पेन्सिलीने खोडून शेजारी बरोबर आकडा लिहिलात, मराठीत, नेहमीसारखा. बांधकामाच्या कोडमधल्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्याही आल्या दिवशी कातरून तुम्ही ज्या त्या कलमाशेजारी डिंकाने चिकटवायचात आणि बाजूला तारीख घालायचात, तीही मराठी आकड्यांत. "मला बेरीज मराठीतच येते," म्हणायचात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवसापासून छापलेल्या आकड्यावर मी डोळे मिटून कधी विश्वास ठेवला नाही. तुमच्या पेन्सिलीवर मात्र ठेवला. तिथे तपासायचं काय, असंच वाटायचं.

चार वर्षांपूर्वी धायरीतल्या एका अभ्यासिकेचा लोखंडी पोटमाळा मी डिझाइन केला. स्पर्धा परीक्षांची मुलं वर बसतात, चाळीस खुर्च्या. सगळा भार दोन चॅनेलवर, पन्हळीच्या आकाराच्या लोखंडी तुळयांवर. चॅनेल वाकायला किती विरोध करेल हे सांगणारा आकडा तुमच्या पुस्तकात खोडलेला होता आणि समासात तुमचा होता, 280. मी तो घेतला. परवा शुक्रवारी अभ्यासिकेच्या चिटणीसांचा फोन आला. "मॅडम, वर दोन कपाटं ठेवलीच आहेत, अजून तीन ठेवतोय. चालेल ना? लोखंडच आहे ते, पापड नव्हे." आधीची दोन कोणाला विचारून ठेवली, हे विचारायचंही मला सुचलं नाही. काल दुपारी कॉम्प्युटरवर नव्याने हिशोब केला तर आकडा 240 आला. वाटलं, मीच काहीतरी चुकीचं भरलं. मग त्या चॅनेलचं गणित आयुष्यात पहिल्यांदा हाताने केलं. पुन्हा 240. भिंग घेऊन समास पाहिला. तुम्ही २४० लिहिलं होतंत. तुमचे दोन आणि शून्य कुठल्याही शाळेत सारखेच दिसतात, आणि मधला चार वरून उघडा होता. मी त्याला इंग्रजी आठ वाचलं होतं.

लोखंड लगेच तुटत नाही, हाताशी थोडी शिल्लक असते, हे मला कळतं. पण ती शिल्लक त्या दोन कपाटांनी आधीच खाल्लेली. तशीच धायरीला निघाले. वर गेले. कोणी मान वर केली नाही. एकाने खुर्ची सरकवली आणि ती मला पायात जाणवली. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर चाळीस जण एकदम त्या एका जिन्याकडे धावले असते. म्हणून एकेकाच्या खांद्याला हात लावत सुटले. "खाली या जरा, वायरिंगचं काम आहे." एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एवढं पान होऊ द्या ना." "नाही. आत्ता." माझा आवाज ऐकून ती घाबरली. पाच-पाच जण उतरले. संध्याकाळपर्यंत माळ्याखाली टेकू बसवून झाले, कपाटं रिकामी झाली. आता तिथे कोणी नाही, तरी भीती जात नाही. तोच चॅनेल मी आणखी कुठे वापरला? दोन जिने आठवतात. तिसरं काही होतं का, ते आठवत नाही. जुन्या फायली काढून जमिनीवर पसरल्या आहेत.

काल निघताना चिटणीसांनी विचारलं, "चूक कोणाची, मॅडम?" मी म्हणाले, "आमच्या सरांच्या पुस्तकात तशी नोंद होती." इतकं सहज तोंडून गेलं. ते म्हणाले, "मग आणा ते पुस्तक उद्या दहाला. आपले सर काय लिहितात ते आम्हालाही कळू दे."

आत्ता सव्वानऊ झालेत. पुस्तक उघडंच आहे. सर, सकाळी चहा घ्यायच्या आधी मी पेन्सिलीला टोक केलं आणि तुमच्या चारावर वरून एक बारीक रेघ ओढली. आता तो आठ दिसतो, मलासुद्धा. रबर लावून पाहिलं, पण रेघेबरोबर तुमचा चारही पुसट व्हायला लागला, तेव्हा हात थांबला. आता पुस्तक नेलं तर तुमच्यावर खोटा आळ येईल, आणि नेलं नाही तरी काल बोललेलं तसंच राहील. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. ती वरची रेघ कोणाच्या हातची आहे, हे तुम्ही चष्मा न लावताही ओळखलं असतं.