मोरणीची तब्येत एकदम फर्स्ट क्लास

१२ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून डायरी. संकल्प एकच: डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत माझी घोडी मोरणी नाचाच्या स्पर्धेत पहिली आणायची. उठल्या उठल्या तिची लीद हातात घेऊन फोडून पाहिली. घट्ट, पिवळसर, वास नाही. एकदम फर्स्ट क्लास. ज्याला लीद बघायची किळस येते त्याने घोडी पाळू नये, पोपट पाळावा.
मला मात्र संडासात पुन्हा रक्त. शी! बघवत नाही. मिरचीचा प्रताप. मिरची उद्यापासून बंद. वय चोवीस, या वयात काय होतंय.

१९ ऑक्टोबर
मिरची बंद. (मित्राकडची शेवभाजी धरायची नाही, आग्रह होता.) रक्त चालूच. म्हणजे मिरची निर्दोष, दोष खोगिराचा. नवं मऊ खोगीर आणलं. प्रश्न मिटला.

२ नोव्हेंबर
बायकोने, ममताने, डोकं उठवलं. म्हणते, खोगिराने रक्त येतं तर ते संडासात कसं? हिला काय माहीत? चांगल्या घरची बाई असलं बघते? शी! जेवणावरची वासनाच उडाली. तशी हल्ली भूक नसतेच. वजन उतरलंय, पण घोडेस्वाराला ते चांगलंच.
आई म्हणाली, मन्हा पोऱ्या पिवळा पडी ग्या. म्हटलं, उन्हाने.

९ नोव्हेंबर
ममताने शहाद्याच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. हा माणूस हातात ग्लोव्ह चढवतो आणि म्हणतो, कुशीवर वळा, पँट खाली. छे! मी काय जनावर आहे? तडक बाहेर. दारापर्यंत मागे आला. मूळव्याधही असेल, पण वजन उतरतंय, आतड्याचा कॅन्सर तरुण पोरांनाही होतो, धुळ्याला जाऊन दुर्बीण घालून घ्या म्हणाला. दुर्बीण! तिथून! लाज कशी वाटत नाही या लोकांना.
तपासणीसाठी एक डबी ममताच्या हातात दिलेली. कसली, ते लिहवत नाही. घरी येताच तापीत भिरकावली.

२३ नोव्हेंबर
घात! मोरणीच्या लिदीत लाल धागा. जनावरांचे डॉक्टर ईश्वरभाऊ, त्यांना फोन. चहाच्या आत हजर. कोपरापर्यंत हात घातला, मी शेपूट धरून उभा. कसली घाण अन् कसलं काय! लीद पिशवीत बांधून मोटरसायकलच्या हँडलला लावली, स्वतः शहाद्याला तपासायला नेली. निघालं काय, तर आईने चारलेलं बीट. रडलो मी आनंदाने.
ममता दारात उभी राहून सगळं बघत होती. मग माझ्या हातावर पाणी ओतलं, साबण दिला. समजूतदार झाली म्हणायची.

७ डिसेंबर
स्पर्धा. ढोल वाजले, मोरणी काय नाचली! मग जमीनच फिरली. शुद्धीवर आलो तर धुळीत पडलेलो आणि पांढरी पँट मागून लाल, सगळ्या यात्रेसमोर. शी, शी, शी. पडलेल्या स्वाराला नंबर देत नाहीत म्हणे. हलकट नियम.

१५ डिसेंबर, धुळे
दुर्बीण झाली. मोठ्या आतड्यात गाठ. कॅन्सरच. गुरुवारी ऑपरेशन. कितपत पसरलाय ते नंतर नक्की कळेल. काही महिने पोटावर पिशवी लावायची, आणि तिच्यात... जाऊ दे.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रंग कसा असायचा, किती वेळा जावं लागायचं, रक्त कधीपासून? मोरणीचं विचारलं असतं तर तोंडपाठ सांगितलं असतं. स्वतःचं काय सांगू? मी कधी खाली धड बघितलंच नव्हतं.
ममता बोलायला लागली. रक्त नवरात्रापासून. आधी लालभडक, नंतर आवेत मिसळलेलं. दिवाळीपासून संडासच बारीक, करंगळीएवढी. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. रोज मी डोळे मिटून तांब्याभर पाणी ओतून यायचो अन् ही माझ्यामागून आत जायची. मी मोरणीमागे जातो तशी.
शी म्हणायला तोंड उघडलं. रडूच आलं.