हात पाठीमागे

सर, तुमची नात माझ्या तुकडीत आली आहे. हजेरी घेताना आडनावाशी थबकलो, मान वर केली, तर समोर तुमचंच नाक. विचारल्यावर म्हणाली, "हो सर, माझे आजोबा. मी जन्मायच्या आधीच गेले." त्या संध्याकाळी बोळिंजला घरी आलो आणि चहात जास्तीची साखर घालून प्यायलो. निवृत्तीनंतरही शिकवायला जातो, पण इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता.

तुम्हाला तो वॉर्ड आठवला नसता. मला आठवतो. मी वसईच्या खाडीकाठचा, सुट्टीभर बापाबरोबर मिठागरात राबून आलेला, तळहात चिरलेले. एका रुग्णाच्या पोटावर हात ठेवतो आहे, आणि तुम्ही माझं मनगट धरून तो हात सगळ्यांना दाखवता. "हा हात मिठागरात शोभतो. माणसाच्या अंगावर नको." मुलं हसतात. रुग्णही हसतो बिचारा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. मग तुमचा हुकूम सुटतो: सत्र संपेपर्यंत खाटेच्या पायाशी उभं राहायचं, हात पाठीमागे, कुणाला स्पर्श करायचा नाही.

राहिलो उभा. वेळ जावा म्हणून शाळेतल्या कविता मनात म्हणायचो, आणि हळूहळू रुग्णांचे श्वासच वृत्तात बसवू लागलो. कुणाचा संथ, कुणाचा धावता, कुणाची यती भलत्याच जागी. पुढे आयुष्यभर मी मुलांना हेच शिकवलं. आधी नुसते उभे राहा, हात मागे, श्वास बघा. मुलं याला माझी पद्धत म्हणतात. ती तुमची शिक्षा होती, हे मी कधी सांगितलं नाही. तुमचं नाव तिथे येऊ द्यायचं नव्हतं मला.

काल खाटेशी उभं राहायची वेळ तुमच्या नातीवर आली. खाटेवर पाचूबंदरची एक म्हातारी कोळीण, दम लागतो म्हणून आलेली. माझं वाक्य मी कितीतरी दिवस घासूनपुसून ठेवलं होतं: "हेच डोळे घेऊन डॉक्टर होणार? आजोबांनी दारातही उभं केलं नसतं." ती चुकली की सगळ्यांसमोर म्हणायचं. तिच्या आधीच्या दोघांना काहीच दिसलं नव्हतं, त्यांना मी लगेच सोडलं. हिला मात्र उभं ठेवलं. ठेवलंच.

"काय रे डाक्तर," म्हातारी म्हणाली, "पोरीचे हात कशाला बांधलेस? म्हावरं चोरलं का तिनं?"

मुलं फिस्सकन हसली. पोरीचे कान लाल झाले. मला हेच हवं होतं, सर. अगदी हेच.

"बोल, काय दिसतंय?"

ती म्हातारीकडे बघत राहिली. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "सर, आजींची उजवी बाजू श्वासाबरोबर नीट उचलत नाहीये. आणि बोलताना त्या मध्येच थांबतात, वाक्य पुरं व्हायच्या आत."

"कुठे शिकलीस हे?" तिने तुमचं नाव घेतलं असतं, तर वाक्य अजून कामी आलं असतं.

"इथेच सर. तुमच्याकडे."

तर घ्या. तुमच्या रक्ताचे डोळे आता माझे आहेत. ती उद्या मोठी होईल, तिच्या हाताखाली मुलं शिकतील, आणि तुम्ही कुठेच नसाल. तिला मी सोडलं म्हणजे तुम्हाला माफ केलं, असं समजू नका. तो हात मी अजून तुमच्या मुठीतून सोडवतोच आहे.

मग तिला म्हटलं, लाव हात. तिने म्हातारीला आधार देऊन बसवलं, पाठीवर डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि उजव्याने ठोकलं. मनगटातून, हलकेच, हुबेहूब तुमच्यासारखं. वर आवाज पोकळ, खाली उजवीकडे बद्द. फुफ्फुसाभोवती पाणी साठलेलं. बरोबर होतं.

"पुन्हा," मी म्हणालो. तिने बावरून पुन्हा ठोकलं. "पुन्हा."

"अरे, माझी पाठ म्हंजे दार हाय का?" म्हातारी वैतागली.

पोरीची चूक काहीच नव्हती, सर. मला फक्त तुमच्या हाताचा तो आवाज ऐकायचा होता.