न लिहिलेली गरज

सोमवार, ३ नोव्हेंबर

कॉम्प्युटरकडून पुन्हा तेच उत्तर. नवीन लेबल-प्रोग्रॅम बसवा, 'मुद्रा' काढा.

प्रश्न मी लिहिला होता. एकेक कोलन, एकेक कोरी ओळ तपासून. चूक नाही. म्हणजे उत्तर बरोबर आहे – पण गुरुराजकाकांना ते सांगायचं कुणी?

'मुद्रा' त्यांनी लिहिलेली. आम्ही ज्या पॅथॉलॉजी लॅबची कॉम्प्युटरं सांभाळतो, तिथे नळ्यांवर आणि बाटल्यांवर चिकटवायची लेबलं ती छापते. ती सांभाळायची हीच काकांची नोकरी. ती निघाली की तेही निघाले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

शरण्याने समजावलं ते नीट उतरवून ठेवतो. अर्धवट डिप्लोमावाल्याला विसरून चालत नाही.

पूर्वी काय बसवायचं, काय काढायचं हे पॅकेज मॅनेजर, म्हणजे मशीनवर बाकीचे प्रोग्रॅम बसवणारा प्रोग्रॅम, स्वतःच ठरवायचा. आता तो सॉल्व्हर नावाच्या बाहेरच्या प्रोग्रॅमला विचारतो. आधी मागणी: हे बसवायचं आहे. मग मशीनवरचं आणि मिळण्यासारखं प्रत्येक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅम, एकेक करून: नाव, आवृत्ती, कुणाची गरज आहे, कुणाशी पटत नाही. सॉल्व्हर हे वाचतो आणि उत्तर देतो – हे बसवा, ते काढा. नाहीतर 'जमत नाही'. मॅनेजर ते ऐकतो. उलट विचारणं नाही. सॉल्व्हर मशीन बघतच नाही! त्याला फक्त आपण लिहिलेलं दिसतं.

सॉल्व्हर शरण्याने आणला, तीच सांभाळते. प्रश्न लिहिणारी बाजू माझी. कृष्णकांत सरांनी मला घेतलं ते शुद्धलेखन बघून. तीन महिने बघू, मग कायम, असं ठरलंय. डिसेंबरात संपतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चेन्नईत पाऊस, वेलचेरी स्टेशनबाहेर पाणी. शेअर ऑटोवाले दुप्पट मागत होते. चालत आलो, पँट दिवसभर ओली.

काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट. मला खाली चहाला नेलं. त्यांचं तंजावरी मराठी मला अजून सगळं कळत नाही, मध्येच तमिळ येतं. पण आज कळलं. नोकरीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, इकडे आडनाव नसतं, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं पुढे. एका दिवसात एका लॅबमध्ये दोन एस. भवानी येतात, दोन आर. सेल्वम येतात. नाव जुळलं की 'मुद्रा' अडते. बापाचं पूर्ण नाव आणि वय टाकल्याशिवाय लेबल छापत नाही. लॅबवाले त्यावरून शिव्या घालतात.

मी विचारलं, नवा प्रोग्रॅम अडत नाही?

"तो कशास अडेल? त्याला शीघ्र छापायचें आहे, पा. नांव एक म्हणून माणूस एक होतो काय?"

मी म्हणालो, पण 'मुद्रा'ची गरज आहे असं कुठल्याच पॅकेजमध्ये लिहिलेलं नाही.

हसले. "पॅकेजास नाही रे. आजाऱ्यास आहे."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रश्नातल्या 'मुद्रा'च्या परिच्छेदात एक ओळ घातली. होल्ड: येस. म्हणजे हिला हात लावायचा नाही.

उत्तर आलं – जमत नाही. नवं आणि जुनं एकत्र नांदत नाहीत.

कुणाला बोललो नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

सर पुण्याहून परत. आल्या आल्या शरण्यावर घसरले. एवढा गाजावाजा करून सॉल्व्हर आणला, त्याला एक लेबल-प्रोग्रॅम बसवता येत नाही? ती मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारच्या टेबलावर कोलन तपासत होतो.

दुपारी तिने प्रश्न उघडून वाचला. होल्ड सापडायला वेळ लागला नाही. माझ्याकडे खुर्ची ओढून हळू विचारलं, हे तू? मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, काकांचं बरोबर आहे, पण सॉल्व्हरला 'का' कळत नाही. प्रश्नात 'का' लिहायला जागाच नाही. तो 'का' सरांना सांगावा लागेल, तूच सांग. मग चिडवलं – शुद्ध मराठीत सांग, सरांना तुझं मराठी आवडतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. दोन भवानींचं सांगताना जीभ अडखळली. सर फोनवर काहीतरी बघत होते. म्हणाले, "म्हाताऱ्याने तुझे कान भरलेत. नाव जुळलं तर लॅबवाले बघून घेतील. ती ओळ काढ." मग हसून – "डिसेंबर जवळ आलाय बरं का."

शरण्याने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, ऐकून घेतलं.

ओळ काढली. उत्तर ताबडतोब आलं. बसवा. काढा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सगळ्या लॅबमध्ये नवा प्रोग्रॅम गेला. लॅबवाले खूश. आता अडत नाही!

काकांना महिनाअखेरपर्यंत या म्हणून सांगितलंय. मला टाळत नाहीत. मीच टाळतो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

कारैकुडीच्या लॅबमधून फोन. दोन बायका, गाठीचे तुकडे तपासायला दिलेले, दोघी एस. भवानी. एकीला काही नाही म्हणून घरी पाठवलं. दुसरीच्या घरी रडारड, शेत विकायची बोलणी. अहवाल उलटे गेले होते. जिला घरी पाठवलं, ती अजून सापडत नाही. दिलेला नंबर लागत नाही.



काकांना कळलंय. जागेवर बसून त्यांनी तिथल्या लॅबला फोन लावला. एवढंच विचारलं – बापाचं नाव कुणी लिहून घेतलं होतं का? मग फोन ठेवला आणि चष्मा पुसत राहिले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सरांनी शरण्याला आणि मला आत बोलावलं. लॅबला लेखी उत्तर द्यायचंय. सर शांत होते. "विश्वेश, 'मुद्रा' काढायचं कुणी ठरवलं?"

रात्रभर घोकलं होतं. होल्डची ओळ, तारीख, ती काढायला कुणी सांगितलं. सगळं तोंडावर होतं.

म्हणालो, "उत्तर सॉल्व्हरचं होतं, सर."

यात एक अक्षर खोटं नाही. शरण्या माझ्याकडे बघत राहिली. मी आणखी काही बोलेन म्हणून थांबली होती. सर लिहून घेत होते.

सोमवार, १ डिसेंबर

शरण्याला काढलं. मला कायम केलं. सॉल्व्हर आता माझ्याकडे.