गोडाऊनची पट्टी आणि तुझं पातेलं

२५ जानेवारी

प्रिय राजश्री,

पत्र बघून आधी हसशील. हातात मोबाईल असताना ही बया कागद खरडत बसली म्हणशील. पण फोनवर आपलं बोलणं होतंच कुठं गं? मी विचारते जेवलीस का, तू विचारतेस म्हैस व्याली का, तेवढ्यात मागून तुझ्या मालकांचा, सत्यजीतदादांचा आवाज येतो, कुणाचा फोन हाय, आणि आपण दोघी एकदम थंडीवर बोलायला लागतो. गाव सोडून गेलीस तेव्हापासून आपण थंडीवरच बोलतोय. मे महिन्यातसुद्धा! म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. साळूमावशीची प्रगती संक्रांतीला माहेरी आली होती, ती आज चारच्या एसटीनं सासरी निघालीय. तिचं सासर कासुर्डीतच, तुझ्या नव्या घरापासून हाकेवर. तिच्याच हाती देतेय.

यंदाच्या संक्रांतीला भैरोबाच्या देवळात ववसायला गेले. गावातल्या झाडून सगळ्या बाया होत्या, पण आपली जोडी नव्हती. लग्न होऊन या गावात आलो त्या सालापासून पहिला ववसा मी तुला द्यायचा आणि तू मला. सुगडं तुझ्या पदरात घालताना तू हळूच त्यातलं गाजर उचलून खायचीस आणि मी डोळे वटारायचे. यंदा सुगडं घेऊन उभी राहिले, तर ज्याच्या त्याच्या जोड्या झालेल्या. शेवटी गिताबाईला माझी दया आली. ती म्हणाली, सुवर्णे, रडू नगं बाई, काजळ पसरतंय. मी म्हटलं, रडतंय कोण, धूर गेलाय डोळ्यात. देवळात कुठला आलाय धूर? पण त्या बिचारीनं पदरानं माझं काजळ पुसून दिलं. तिनं माझं गाजर मात्र खाल्लं नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तुझा बंगला आहे तसा आहे. गेटला कुलूप, तुळस वाळली होती, ती मी भिंतीवरून पाईप टाकून जगवली. आपल्या दोन घरांमधली ती भिंत आठवते ना? दादा कंपाउंड घालत होते तेव्हा तूच गवंड्याला दटावून मधे पातेलं जाईल एवढं खिंडार ठेवायला लावलं होतंस. दादा किती चिडले होते, लाखाची भिंत आणि तिला भोक! त्या भोकातून काय काय गेलं बाई. शेंगोळी, गुळवणी, तुझ्या सासूच्या चहाड्या, माझ्या नवऱ्याच्या चहाड्या. आता त्यातून फक्त मांजर ये-जा करतं. मी सकाळी चहा ठेवला की अजूनही एक कान तिकडं असतो.

बाकी गावाची खबर ऐक. मल्हारवस्तीवर नळ आले. खरंच आले, पाणीसुद्धा येतं! मेंढरं राखून राखून ज्यांच्या तीन पिढ्या माळावर राहिल्या, त्यांच्या दारात आता तोटी आहे. साळूमावशी पहिल्या दिवशी तोटी सोडायची, बंद करायची, परत सोडायची. मी म्हटलं, मावशी, पाणी वाया जातंय. तर म्हणती, जाऊ दी गं, माझ्या दारातलं हाय, कुणाच्या उपकाराचं न्हाई. मला तेव्हा तुझी इतकी आठवण आली की मी तिथून उठूनच आले. कारण नळ नव्हते तेव्हा ही सगळी वस्ती तुझ्या गेटवर रांगेत असायची. तुझ्या बोअरचं पाणी तू कुणाला कधी नाही म्हणाली नाहीस. पण साळूमावशी प्रत्येक हंड्यामागं तुझ्या पाया पडायला वाकायची आणि तू आत पळायचीस. एकदा त्या खिंडारातून मला म्हणालीस, सुवर्णे, माझ्या आईच्या वयाची बाई, पाण्यासाठी पाया पडती, मला घास गिळवत न्हाई गं. तेवढं एकच वाक्य. पण मी विसरले नाही.

त्यानंतर सहा महिन्यांत ती ग्रामसभा झाली. त्या दिवसाबद्दल आपण दोघी आजवर एक शब्द बोललो नाही, म्हणून आज मी बोलते. पुढं खुर्च्यांवर गोडाऊनवाले, लॉजवाले, दादा मधोमध. मागं सतरंजीवर आपण बाया. सरपंच हौसराव उभे राहिले आणि म्हणाले, गोडाऊन, लॉज, दोनमजली बंगले यांची घरपट्टी सरकारनं दिलेल्या वरच्या दरानं लावू, पत्र्याची घरं आहेत तशी राहू द्या, वाढीव पैशात वस्तीवर पाण्याची लाईन नेऊ. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. एक हात वर गेला नाही. जाणार कसा? कुणाचा नवरा दादांच्या गोडाऊनवर हमाल, कुणाचा पोरगा वॉचमन, माझ्या पोराचा, पप्पूचा टेम्पो तिथंच लागलेला. ज्यांना पाणी पाहिजे होतं त्या वस्तीवरच्या बायासुद्धा नखं बघत बसल्या. आणि मग माझ्या शेजारी पाटल्या वाजल्या. तुझा हात. अगं, तुझ्याच घरावरची पट्टी, आणि तुझाच हात पहिला! मग साळूमावशी, मग मी, मग सगळ्या. दादांनी मागं वळून पाहिलं. सगळा गाव म्हणतो पट्टीनं सत्यजीतला घालवलं. मी त्यांचं तोंड बघितलंय. त्यांनी बाकीच्या हातांकडं पाहिलंच नाही, फक्त तुझ्याकडं पाहिलं.

आणि दादा वाईट माणूस नाही, हे मी गावात भांडून सांगते. रात्री-अपरात्री कुणाची बाई अडली तर गाडी त्यांचीच जायची. नदीच्या पलीकडं दौंड तालुक्यात त्यांनी गोडाऊनं बांधली, तिथंही पट्टी आहेच की! पण ती परक्यांनी लावलेली, म्हणून टोचत नाही. इथली आपल्या माणसांनी लावली, आणि बायकोनं आधी.

तू म्हणशील, नळ आले ना, मग सगळं गोड झालं. कुठलं गं! दादांच्या पाठोपाठ आणखी दोघांनी गोडाऊनं रिकामी केली. हमाली गेली तशी फाट्यावरची दोन चहाची हॉटेलं बसली. ज्यांनी गाव सोडलं नाही त्यांनी कंपनीतल्या परप्रांतीय पोरांच्या खोल्यांचं भाडं वाढवलं, म्हणजे पट्टी लावली मालकावर आणि भरली त्या पोरांनी. त्यावर आमच्या पंचायतीला अजून काही सुचलेलं नाही. माझ्या पप्पूचं तर तुला माहीत आहे. पूर्वी दुपारी घरी जेवायला यायचा, आता पहाटे टेम्पो घेऊन चाकणला जातो आणि आला की ओंडक्यासारखा पडून झोपतो. पण हेही खरं, की वस्तीवरच्या ज्या बाया दिवसभर पाण्यामागं असायच्या, त्या आता न्हावऱ्याला कांद्याच्या कामावर जातात, दोघींनी म्हशी घेतल्या. दूध डेअरीला जातं. एकीकडं गेलं आणि एकीकडं आलं. गेलेल्यांचा आवाज मोठा असतो एवढंच. टीव्हीवर सुटाबुटातली माणसं तावातावानं भांडतात, श्रीमंतांवर कर वाढवला की ते पळून जातात का न्हाई. मला वाटतं, अरे, मला बोलवा की! माझ्या शेजारची गेली. कराचा हिशोब तुम्ही मांडा, भिंतीपलीकडचा हिशोब कुणाला येतो का विचारते.

आता खरी गोष्ट. मागच्या आठवड्यात दादांचा पप्पूला फोन आला होता. तुला ठाऊक असेल, नसेल. म्हणाले, पट्टी निम्मी करा, मी गोडाऊनं परत उघडतो, तुझा टेम्पो पहिला लावतो, बंगल्याचं कुलूप काढतो. फोन ठेवल्यावर पप्पू माझ्याकडं बघत राहिला आणि मी चुलीकडं. राजश्री, तुला काय सांगू, त्या दिवशी मी वेड्यासारखं तुझं अंगण झाडलं. कुणी पाहू नये म्हणून खिंडारातून हात घालून जेवढं झाडता आलं तेवढं. वाटलं, शिमग्याला तू इथं असशील. पुरणाचं पातेलं इकडून तिकडं जाईल.

मग सगळं पुढचं दिसायला लागलं. पट्टी निम्मी झाली की लाईनीचं वीजबिल भरायला पैसा उरत नाही, हौसरावांनी मला स्वतः सांगितलंय. मोटार बंद पडेल. तू परत येशील, तुझा बोअर चालू होईल, आणि साळूमावशी हंडा घेऊन तुझ्या गेटवर उभी राहील. पुन्हा वाकेल. आणि तू पुन्हा आत पळशील. तेव्हा मी कुठल्या तोंडानं त्या खिंडारातून तुझ्याकडं बघू?

उद्या सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आहे. झेंडा झाला की दादांचं म्हणणं सभेपुढं ठेवून हौसराव विचारतील, पट्टी आहे तशी ठेवायची असं कुणाला वाटतं, हात वर करा. पुन्हा सगळ्या नखं बघत बसतील, माहीत आहे मला. कुणाला तरी पहिला हात वर करावा लागेल. तो माझा असेल. पप्पूला सांगितलंय, तो रागानं ताटावरून उठला नाही, जेवत राहिला. आता तुला सांगायचं राहिलं होतं, आणि ते थंडीवर बोलता बोलता सांगता येत नव्हतं.

झाकणावर तुझं नाव कोरलेलं ते पातेलं प्रगतीकडं दिलंय. जायच्या आदल्या दिवशी तू त्यातून अळूची भाजी दिली होतीस. मी मुद्दाम परत केलं नव्हतं, म्हटलं, पातेल्यासाठी तरी ही भवानी येईल. आता येणार नाहीस, म्हणून पाठवतेय. तिळाचे लाडू भरलेत, वरती एक गाजर आहे, ते तुझं. पातेलं रिकामं परत पाठवायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस. तेवढं ध्यानात ठेव, आणि फार उशीर लावू नकोस.

तुझीच, भिंतीच्या अलीकडची
सुवर्णा